मतदार यादीतली दिव्यांग नोंद ते बूथवरचे ब्रेल: सातारा-सांगलीच्या मतदारांसाठी सविस्तर मार्गदर्शक

मतदानाच्या आदल्या दिवशी गावोगावी एकच विचारणा सुरू होते. आजींना चालता येत नाही, त्यांचे मत घरी येऊन घेतील का? दादाला दिसत नाही, त्याच्याबरोबर आत कोण जाणार? व्हीलचेअर मिळेल का? यातल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे तोपर्यंत ठरून गेलेली असतात. घरून मतदान, ने-आणीची गाडी, केंद्रावरची तयारी हे सगळे मतदार यादीत त्या माणसाच्या नावापुढे काय नोंदले आहे यावर अवलंबून असते. ती नोंद करायची वेळ निवडणुकीच्या धामधुमीची नसते, तिच्या कितीतरी आधीची असते. म्हणून या लेखात यादीला जास्त जागा दिली आहे. बूथचा विषय त्यानंतर येईल.

दोन आयोग, यादी मात्र एकच

लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुका भारत निवडणूक आयोग घेतो. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका आणि महानगरपालिका यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. राज्यघटनेच्या कलम २४३ के आणि २४३ झेडए प्रमाणे ही स्वतंत्र यंत्रणा आहे आणि महाराष्ट्रात ती १९९४ पासून काम करते. दोघांचे कायदे वेगळे, नियम वेगळे, वेळापत्रक वेगळे.

यादी मात्र मुळात एकच, विधानसभेची. ती लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५० आणि मतदार नोंदणी नियम १९६० यांप्रमाणे तयार होते. राज्य निवडणूक आयोग एक तारीख ठरवतो, त्या तारखेला विधानसभेच्या यादीत जी नावे असतील ती घेतो आणि प्रभागाप्रमाणे, गटाप्रमाणे (जिल्हा परिषदेचा मतदारसंघ), गणाप्रमाणे (पंचायत समितीचा मतदारसंघ) वाटून देतो. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांसाठी ही तारीख १ जुलै २०२५ होती. त्या दिवशी ज्याचे नाव विधानसभेच्या यादीत नव्हते, त्याचे नाव झेडपीच्या यादीतही आले नाही.

"ग्रामपंचायतीच्या यादीत माझे नाव घाला" असा अर्ज घेऊन लोक ग्रामसेवकाकडे जातात आणि हात हलवत परत येतात. ग्रामसेवकाला तो अधिकारच नसतो. नाव घालायचे ते विधानसभेच्या यादीत.

कोणाकडे जायचे

साताऱ्यात आठ विधानसभा मतदारसंघ आहेत: फलटण, वाई, कोरेगाव, माण, कराड उत्तर, कराड दक्षिण, पाटण आणि सातारा. सांगलीतही आठच: मिरज, सांगली, इस्लामपूर, शिराळा, पलूस-कडेगाव, खानापूर, तासगाव-कवठेमहांकाळ आणि जत. प्रत्येक मतदारसंघाला एक मतदार नोंदणी अधिकारी असतो. हे काम बहुधा प्रांताधिकाऱ्यांकडे असते आणि तहसीलदार सहायक मतदार नोंदणी अधिकारी असतात. रोजच्या कामासाठी तहसील कचेरीतली निवडणूक शाखा गाठायची.

तालुका आणि मतदारसंघ यांच्या हद्दी जुळतातच असे नाही. खटाव तालुक्यातली गावे एकाहून जास्त मतदारसंघांत विभागली आहेत. वाळवा तालुक्यातली काही गावे शिराळा मतदारसंघात येतात. आटपाडीचा मतदार खानापूर मतदारसंघाचा असतो. अर्ज भरताना तालुक्याच्या नावावरून मतदारसंघ ठरवू नका, घरातल्या कोणाच्या तरी मतदान कार्डावरून किंवा यादीवरून ठरवा.

सगळ्यात जवळचा माणूस म्हणजे बीएलओ, मतदान केंद्रस्तरीय अधिकारी. प्रत्येक बूथला एक असतो. गावातल्या प्राथमिक शाळेचे गुरुजी, अंगणवाडी सेविका किंवा एखादा सरकारी कर्मचारी हे काम आपल्या नेहमीच्या नोकरीबरोबर करत असतो. बीएलओचे नाव आणि फोन नंबर मतदार सेवा पोर्टलवर मतदार कार्डाचा क्रमांक टाकला की दिसतो. १९५० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येते. बीएलओचा नंबर घरातल्या भिंतीवर गॅस एजन्सीच्या नंबराशेजारी लिहून ठेवावा इतका उपयोगाचा आहे.

पहिली पायरी: नाव आहे का, आणि बरोबर आहे का

मतदान कार्ड हातात आहे म्हणजे यादीत नाव आहे, हा समज सोडून द्या. मत देता येते ते यादीतल्या नावामुळे. कार्ड फक्त ओळख पटवते.

मतदार सेवा पोर्टलवर किंवा व्होटर हेल्पलाइन अॅपवर कार्डाचा क्रमांक टाका. मतदारसंघ, यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक असे तीन तपशील येतील. ते लिहून ठेवा. मग राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावरून त्या यादी भागाची पूर्ण यादी उतरवून घ्या. ती फुकट मिळते. त्यात आपल्या घराची सगळी नावे एका जागी आहेत का बघा. एकाच घरातला मुलगा एका भागात आणि आई दुसऱ्या भागात, असे सांगली-मिरजेच्या दाट वस्तीत पुष्कळदा दिसते. अंध आईला मुलगा केंद्रावर घेऊन जाणार असेल तर दोघांचे बूथ वेगळे पडल्याने सगळी सकाळ धावपळीत जाते.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे यादीतले वय तपासा, आणि हे मन लावून करा. जुन्या पिढीची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर नसते, यादीत अंदाजाने टाकलेले वय वर्षानुवर्षे तसेच पुढे सरकते. घरून मतदानाची सवलत ८५ वर्षांवरच्या मतदारांना आहे आणि तिथे यादीतले वय धरतात. आजोबा खरे ८८ वर्षांचे, यादीत मात्र ८१, तर त्यांच्याकडे घरी कोणी येणार नाही.

नाव नसेल तर: फॉर्म ६

पहिल्यांदाच नाव घालणाऱ्यासाठी फॉर्म ६ असतो. आधी दुसरीकडे कुठेही नाव असेल तर हा फॉर्म भरायचा नाही, त्यासाठी फॉर्म ८ आहे. हा फरक पाळला नाही की दुबार नाव तयार होते आणि पुढे तेच निस्तरत बसावे लागते.

वयाची अट १८ पूर्ण. पूर्वी वर्षातून एकच तारीख धरत, १ जानेवारी. कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा झाल्या. सतरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींना आगाऊ अर्ज करता येतो आणि ते १८ चे झाले की त्या तिमाहीत नाव लागते. बारावीच्या वर्गशिक्षकांनी हे मनावर घेतले तर एका दुपारी अख्ख्या वर्गाचे काम होते.

वयासाठी जन्मदाखला, दहावीचे प्रमाणपत्र, आधार, पॅन, वाहन परवाना किंवा पासपोर्ट यांपैकी एक. पत्त्यासाठी आधार, बँकेचे वा पोस्टाचे पासबुक, पासपोर्ट, वीज-पाणी-गॅसचे बिल, नोंदणीकृत भाडेकरार किंवा जमिनीचा महसुली कागद. सोबत स्वतःचा फोटो आणि घरातल्या एकाचा मतदार कार्ड क्रमांक. याच फॉर्ममध्ये दिव्यांगत्वाचा रकाना आहे. तो ऐच्छिक असल्याने लोक रिकामा सोडतात. कृपा करून तो भरा.

ज्यांच्या घरी बौद्धिक अक्षमता किंवा मानसिक आजार असलेली व्यक्ती आहे, त्यांना एक गोष्ट ठासून सांगायची आहे. १९५० च्या कायद्याच्या कलम १६ प्रमाणे मनोविकलतेमुळे नाव नाकारायचे असेल तर सक्षम न्यायालयाने तसे जाहीर केलेले असावे लागते. डॉक्टरांची चिठ्ठी, घरच्यांचे मत किंवा बीएलओचा अंदाज यांवर ते ठरत नाही. मतिमंद मुलांच्या शाळेत शिकून अठरा वर्षांचा झालेला मुलगा मतदार होऊ शकतो. त्याच्या आईवडिलांनाच हे ठाऊक नसते, याचे फार वाईट वाटते.

फॉर्म ८: सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात दुर्लक्षित

या एका फॉर्ममध्ये चार कामे आहेत: पत्ता बदलणे, नोंदीतली चूक दुरुस्त करणे, हरवलेल्या कार्डाऐवजी नवे कार्ड मागणे आणि दिव्यांग म्हणून नोंद करणे. योग्य त्या चौकोनात खूण करायची.

पत्ता बदलण्याची सर्वांत मोठी गरज लग्न होऊन आलेल्या मुलींना पडते. माहेर कोरेगावात, सासर कडेगावात. नाव माहेरच्या यादीत राहते, पुढे कधीतरी "स्थलांतरित" म्हणून तिथून निघते आणि सासरच्या यादीत आलेलेच नसते. लग्नानंतर रेशनकार्डात नाव घालायला जाता त्याच आठवड्यात फॉर्म ८ भरा. मधले नाव आणि आडनाव बदलायचे असेल तर त्याचा पुरावा सोबत द्या.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात कृष्णाकाठच्या कित्येक घरांतले कागद वाहून गेले, तसेच कोणाचे कार्ड गेले असेल तर तेही याच फॉर्मने मिळते. पाटण तालुक्यात २०२१ च्या दरडींनंतर घर बदलावे लागलेल्यांनीही नवा पत्ता यादीत आला आहे का हे पाहून घ्यावे.

आता दिव्यांग नोंद. निवडणूक संचालन नियम १९६१ मधला नियम २७अ घरून मतदानाची सोय देतो, आणि त्यात दिव्यांग मतदार म्हणजे मतदार यादीच्या माहितीसंचात दिव्यांग म्हणून खूण असलेली व्यक्ती, अशी व्याख्या आहे. माणूस दिव्यांग आहे हे गावाला ठाऊक असून भागत नाही, यादीला ठाऊक असावे लागते. प्रशासन कोणत्या केंद्रावर किती व्हीलचेअर लागतील, ब्रेल नमुना मतपत्रिका कुठे द्यायच्या, स्वयंसेवक कुठे नेमायचे हे ठरवताना याच नोंदी पाहते.

नोंदीसाठी दिव्यांगत्व प्रमाणपत्र किंवा युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र) जोडा. नसेल तर ते आधी काढा. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून सरकारी रुग्णालयात तपासणीला जायचे असते. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील सर्वसाधारण रुग्णालय आणि सांगलीत पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय ही मोठी ठिकाणे आहेत. वेळ लागतो, म्हणून निवडणूक दूर असतानाच सुरुवात करा. हे कार्ड एसटीची सवलत, पेन्शन आणि इतर योजनांनाही लागते, त्यामुळे फेरा वाया जात नाही.

प्रमाणपत्रावर ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असेल तर घरून मतदानाचा पर्याय खुला होतो. त्याहून कमी असेल तरीही नोंद करून घ्यावी, असे माझे मत आहे. केंद्रावरची सोय करणाऱ्यांना आकडा कळतो.

स्मार्टफोन असेल तर सक्षम नावाच्या अॅपवरून हीच नोंद करता येते, आणि मतदानाच्या वेळी व्हीलचेअर किंवा गाडीची मागणीही नोंदवता येते. अंध वापरकर्त्यांना ते आवाजाच्या आधारे चालवता यावे असे केलेले आहे. फोन नसेल तर अर्ज बीएलओकडे द्या आणि पोचपावती घ्या. पावती किंवा संदर्भ क्रमांक नसेल तर तुम्ही अर्ज केला होता हे सिद्ध करता येत नाही. महिनाभराने त्याच क्रमांकावर अर्जाचे काय झाले ते पोर्टलवर बघा, आणि दिव्यांग खूण खरोखर पडली का हे बीएलओकडून तपासून घ्या.

दुबार नाव

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत हा प्रश्न मोठा आहे, कारण इथला माणूस पोटासाठी बाहेर असतो. जावळी, पाटण, माण, खटावची माणसे मुंबईत माथाडी, गिरण्या, बाजार यांत गेली. विटा, आटपाडी, तासगाव भागातले गलाई बांधव सोन्याचांदीच्या कामासाठी देशभर पसरले. जतचे लोक हंगामात ऊसतोडीला जातात. नाव गावाकडेही राहते आणि कामाच्या ठिकाणीही लागते.

कायदा स्पष्ट आहे. १९५० च्या अधिनियमातले कलम १७ एकाहून अधिक मतदारसंघांत नाव ठेवू देत नाही, कलम १८ एकाच मतदारसंघात दोनदा ठेवू देत नाही. खोटे निवेदन करून नाव घातले तर कलम ३१ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

पण थोड्या काळासाठी घर सोडले म्हणून गावातले नाव काढता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. कलम २० म्हणते की तात्पुरती गैरहजेरी असली तरी सर्वसाधारण रहिवास संपत नाही. ऊसतोडीला सहा महिने गेलेल्या कुटुंबाचे घर, चूल, रेशन सगळे जतलाच असेल तर त्यांचे नाव जतलाच राहिले पाहिजे. बीएलओ घरी आला तेव्हा कुलूप होते म्हणून नाव निघू नये यासाठी शेजाऱ्यांना सांगून जा, बीएलओला फोन करून कळवा.

वर्षानुवर्षे मुंबईलाच संसार असेल तर मात्र एक जागा निवडायला हवी. ज्या ठिकाणचे नाव नको तिथे फॉर्म ७ भरा. मृत व्यक्तीचे नाव काढायलाही हाच फॉर्म, सोबत मृत्यूचा दाखला.

२०२५ च्या स्थानिक निवडणुकांत राज्य निवडणूक आयोगाने संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारे छापायला सांगितले. असे तारे आपल्या नावापुढे दिसले तर घाबरू नका. कित्येकदा नुसते नामसाम्य असते. कुठल्या केंद्रावर मत देणार हे लेखी द्यायचे, आणि तिथेच मत द्यायचे.

नाव वगळले गेले तर

दुसऱ्या कोणी तुमच्या नावावर हरकत घेतली तर ऐकून घेण्याची संधी दिल्याशिवाय नाव काढता येत नाही. कलम २२ मध्ये ती अट आहे. नोटीस आली तर तारीख चुकवू नका. चालता येत नसेल तर तसे लेखी कळवा आणि घरी येऊन चौकशी करण्याची विनंती करा.

निर्णय विरुद्ध गेला तर कलम २४ प्रमाणे पहिले अपील जिल्हाधिकाऱ्यांकडे पंधरा दिवसांत, दुसरे राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे तीस दिवसांत. वकील लागत नाही. साध्या भाषेत काय झाले ते लिहा, आदेशाची प्रत जोडा.

वेळेचे भान मात्र ठेवा. उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची तारीख उलटली की कलम २३ प्रमाणे त्या निवडणुकीपुरते यादीत नवे नाव घालता येत नाही. शिवाय प्रत्येक अर्जावर हरकतीसाठी सात दिवस ठेवावे लागतात. त्यामुळे त्या शेवटच्या तारखेच्या निदान दहा दिवस आधी अर्ज पोचला नाही तर तो त्या निवडणुकीला उपयोगाचा नाही असेच समजा.

प्रभागाची, गटाची, गणाची यादी

स्थानिक निवडणूक आली की राज्य निवडणूक आयोग आधी प्रारूप मतदार यादी प्रसिद्ध करतो आणि हरकती-सूचनांसाठी थोडे दिवस देतो. या काळात काय मागता येते आणि काय नाही, यातच बहुतेक अर्ज फसतात.

नवीन नाव घाला, मेलेल्याचे नाव काढा, नावातला शब्द बदला, हे इथे होत नाही. विधानसभेच्या यादीत नाव आहे पण प्रभागाच्या यादीत सुटले, तुमचा प्रभाग पाच असून नाव सहात पडले, किंवा यादी तयार करताना लिहिणाऱ्याची चूक झाली, एवढेच दुरुस्त होते. हरकत देताना विधानसभेच्या यादीतला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक लिहा, घराचा प्रभाग सांगणारा पुरावा म्हणून घरपट्टीची पावती जोडा. अधिकाऱ्याला दोन यादींतली पाने शेजारी ठेवून निर्णय देता येतो.

एका गल्लीतली सगळी घरे चुकीच्या प्रभागात गेली असतील तर प्रत्येकाने आपला वेगळा अर्ज द्यावा आणि सगळ्यांनी एकाच वेळी जाऊन द्यावेत.

घरून मतदान: फॉर्म १२ड

ही सोय लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुकीत आहे. नियम २७अ हा त्याच निवडणुकांच्या नियमांतला असल्याने ग्रामपंचायत किंवा झेडपीला तो लागू नाही. स्थानिक निवडणुकीत अंथरुणाला खिळलेल्या माणसाला मत द्यायचे तर केंद्रावर आणावेच लागते. हा अन्याय आहे असे मला मनापासून वाटते, आणि तो राज्याच्या नियमांतच बदलायला हवा. जिल्हा परिषदेच्या दवाखान्यावर, पाण्याच्या योजनेवर ज्यांचे आयुष्य सर्वाधिक अवलंबून आहे, त्यांनाच त्या निवडणुकीत सर्वाधिक अडथळा आहे.

विधानसभेला मात्र ८५ वर्षांवरचे आणि ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेले मतदार अर्ज करू शकतात. ८० वर्षांची जुनी मर्यादा २०२४ मध्ये ८५ झाली, त्यामुळे मागच्या वेळी घरून मत दिलेल्या एखाद्या आजोबांना पुढच्या वेळी नकार आला तर त्याचे कारण हे असू शकते.

दिल्लीत पत्रकार परिषद होऊन निवडणूक जाहीर होते, तेव्हा आचारसंहिता लागते. अधिसूचना त्यानंतर काही दिवसांनी निघते. फॉर्म १२ड अधिसूचनेपासून पाच दिवसांच्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडे पोचायला हवा. बीएलओ पात्र मतदारांच्या घरी जाऊन फॉर्म देतो आणि भरलेला परत घेतो. जाहीर झाल्यानंतरच्या आठवड्यात बीएलओ आला नाही तर स्वतः फोन करा. दिव्यांग मतदाराने प्रमाणपत्राची प्रत जोडायची.

अर्ज मंजूर झाला की यादीत नावापुढे टपाली मताची खूण पडते आणि मग त्या मतदाराला केंद्रावर मत देता येत नाही. विचार करूनच अर्ज द्या. ठरलेल्या दिवशी मतदान अधिकारी, पोलीस आणि चित्रीकरण करणारा माणूस असे पथक घरी येते. तारीख आधी कळवतात, पहिल्यांदा कोणी भेटले नाही तर एकदा पुन्हा येतात. त्यानंतर येत नाहीत, म्हणून त्या दिवसांत आजोबांना दवाखान्याला किंवा लेकीकडे नेऊ नका.

मत कागदी मतपत्रिकेवर द्यायचे. मतदार आडोशाला खूण करतो, मतपत्रिका छोट्या पाकिटात बंद करतो, घोषणापत्रावर सही किंवा अंगठा देतो आणि सगळे मोठ्या पाकिटात जाते. खूण करताना चित्रीकरण होता कामा नये. घरातली माणसेही थोडी बाजूला व्हावीत. म्हाताऱ्या माणसाचे मतही त्याचेच असते, सुनेने किंवा नातवाने "इथे करा" असे बोट दाखवू नये.

कांदाटी खोऱ्यातून लाँचने तापोळ्याला यावे लागणाऱ्या आजींना किंवा पाटणच्या डोंगरवाडीवरच्या दिव्यांग भावाला ही सोय खरोखर वरदान आहे. पण अंध मतदाराने घरून मत घेण्याआधी एक विचार करावा. कागदी मतपत्रिका त्याला वाचता येत नाही, दुसऱ्याची मदत घ्यावीच लागते. केंद्रावरच्या यंत्रावर ब्रेल आहे, तिथे तो कोणालाही न सांगता मत देऊ शकतो. चालता-फिरता येत असेल तर केंद्रच बरे.

केंद्रावर

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चे कलम ११ सांगते की सर्व मतदान केंद्रे दिव्यांगांना जाता येतील अशी असावीत आणि निवडणुकीचे साहित्य त्यांना समजेल असे असावे. ही मागणी हक्काने करायची. केंद्र शक्यतो तळमजल्यावर, रॅम्प, पाणी, स्वच्छतागृह, उजेड, बसायला जागा एवढे असायला हवे. रॅम्पचा उतार बारा फूट लांबीला एक फूट उंची याहून तीव्र नसावा. दोन फळ्या टाकून केलेला चढ हा रॅम्प नव्हे. दिव्यांग मतदाराला रांगेत उभे राहावे लागत नाही, आधी आत सोडतात.

ओळखीसाठी मतदान कार्ड नसेल तर आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटो असलेले पासबुक, रोजगार हमीचे जॉबकार्ड यांबरोबर युडीआयडी कार्डही चालते. बीएलओने वाटलेली मतदार चिठ्ठी ओळखपत्र म्हणून चालत नाही.

अंध मतदाराने आत गेल्यावर केंद्राध्यक्षांकडे ब्रेल नमुना मतपत्रिका मागायची. तिच्यावर उमेदवारांची नावे आणि क्रमांक ब्रेलमध्ये असतात. आपल्या उमेदवाराचा क्रमांक वाचून लक्षात ठेवा, पत्रिका परत द्या, आणि मतदान कक्षात जा. बॅलेट युनिटवर (यंत्राच्या बटणे असलेल्या भागावर) बटणांच्या बाजूला, उजव्या हाताला, ब्रेल अंक आहेत. अंक सापडला की त्याच्या शेजारचे निळे बटण दाबा आणि लांब बीप ऐकू येईपर्यंत थांबा. एका युनिटवर नोटा (वरीलपैकी कोणीही नाही) धरून सोळाच नावे बसतात. उमेदवार जास्त असतील तर दुसरे युनिट शेजारी जोडलेले असते, म्हणून कक्षात जाण्याआधीच किती युनिट आहेत आणि आपला क्रमांक कोणत्या युनिटवर आहे हे मोठ्याने विचारा.

ब्रेल येत नसेल, आणि मोठेपणी दृष्टी गेलेल्या पुष्कळांना ते येत नाही, तर सोबती घ्या. नियम ४९एन प्रमाणे अंधत्वामुळे किंवा शारीरिक दुर्बलतेमुळे चिन्ह ओळखता येत नसेल किंवा बटण दाबता येत नसेल तर १८ वर्षांवरचा सोबती कक्षात नेता येतो. यासाठी प्रमाणपत्राची अट नियमात नाही. केंद्राध्यक्षांची खात्री पटली की पुरे. अर्धांगवायूने हात गेलेल्या, मोतीबिंदू पिकलेल्या माणसाकडे कार्ड नाही म्हणून त्याला परत पाठवले तर हा नियम त्यांना शांतपणे दाखवा.

सोबत्याला एक घोषणापत्र द्यावे लागते: मत गुप्त ठेवीन, आणि आज दुसऱ्या कोणाचा सोबती झालो नाही. एक माणूस एका दिवसात एकाच मतदाराचा सोबती होऊ शकतो. गावातला एखादा कार्यकर्ता पाच आजीबाईंना ओळीने आत घेऊन जातो, ते नियमाविरुद्ध आहे आणि तिथे बसलेल्या कोणत्याही प्रतिनिधीने हरकत घ्यायला हवी. मतदान कर्मचाऱ्यालाही सोबती होता येत नाही. नुसते लिहिता-वाचता येत नाही हे कारण पुरत नाही, चिन्हे त्यासाठीच आहेत. पायाने अधू असलेला पण हाताने बटण दाबू शकणारा मतदार एकटाच कक्षात जातो, सोबत्याने कक्षाच्या तोंडाशी थांबायचे.

सोबती कोण निवडायचा, हे मतदाराने ठरवावे. घरातला कर्ता पुरुष आपोआप सोबती होतो असे नाही. ज्याच्यावर विश्वास आहे त्याला न्या, मैत्रीण असली तरी चालेल.

झेडपी, नगरपालिका आणि महापालिकेला वेगळी तयारी

सोबत्याची सोय स्थानिक निवडणुकांतही आहे. पण तिथे मते एकाहून जास्त असतात. झेडपीला दोन: एक गटाचे, एक गणाचे. नगरपालिकेला नगराध्यक्षाचे एक आणि प्रभागातल्या नगरसेवकांची साधारण दोन. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या प्रभागात बहुधा चार. ग्रामपंचायतीत सरपंचाचे एक आणि प्रभागातल्या सदस्यांची वेगळी. प्रत्येक जागेला स्वतंत्र बटण दाबावे लागते, प्रत्येक जागेला नोटाही आहे, आणि सगळी मते दिल्यावरच शेवटचा लांब बीप येतो. एक बटण दाबून मतदार बाहेर आला की मतदान अपुरे राहते आणि अधिकारी हाक मारतात. दृष्टी अधू असलेला माणूस यात गोंधळतो.

घरीच सराव करा. उमेदवारांची यादी लागल्यावर एका पुठ्ठ्यावर जागा अ, ब, क, ड अशा आखा आणि आपला क्रमांक कोणत्या जागेत कितवा आहे हे बोटाने मोजून पाठ करा. ब्रेल नमुना मिळेलच असे धरून जाऊ नका, तहसील कचेरीत किंवा पालिकेत आठवडाभर आधी विचारून घ्या. स्थानिक निवडणुकीच्या यंत्राला व्हीव्हीपॅट (मत कोणाला गेले ते चिठ्ठीवर दाखवणारे यंत्र) नसते, त्यामुळे चिठ्ठी दिसली नाही म्हणून घाबरायचे कारण नाही.

अडचण आली तर

केंद्रावरची पहिली तक्रार केंद्राध्यक्षांकडे, तोंडी नव्हे तर लेखी. त्यानंतर क्षेत्रीय अधिकारी, मग निवडणूक निर्णय अधिकारी. विधानसभा-लोकसभेला १९५० वरही तक्रार नोंदवता येते. तुमच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेले असेल तर परत फिरू नका. ओळख पटवा आणि नियम ४९पी प्रमाणे प्रदत्त मत मागा. ते यंत्रावर नाही, कागदी मतपत्रिकेवर दिले जाते.

केंद्रच चुकीच्या जागी असेल, पायऱ्या चढून जावे लागणाऱ्या वर्गात किंवा ओढ्यापलीकडच्या शाळेत, तर त्याची तक्रार मतदानाच्या दिवशी करून फार हाती लागत नाही. यादीच्या दरवर्षीच्या पुनरीक्षणाआधी मतदान केंद्रांचे सुसूत्रीकरण होते, केंद्रांची प्रारूप यादी लागते आणि त्यावर सूचना घेतात. गावातल्या दिव्यांग मतदारांच्या सह्या, वर्गाच्या पायऱ्यांचा फोटो आणि त्याच आवारातल्या तळमजल्यावरच्या दुसऱ्या खोलीचे नाव, एवढे घेऊन त्या वेळी मतदार नोंदणी अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या आणि एक प्रत शिक्का मारून परत घ्या.